पुंगळी हातात की मातीत?

परभणीत आज दुनळी बंदूक बघायची असेल तर बँकेच्या दारात जावं. स्टुलावर बसलेला निवृत्त जवान, कमरेला काडतुसांचा पट्टा आणि मांडीवर आडवी टाकलेली बारा बोअर. याखेरीज ती जुन्या देशमुखी वाड्यांतल्या लाकडी कपाटांत असते, जिंतूर-गंगाखेडकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्यावर असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की यांतल्या बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकाल लागेपर्यंत तिथंच पडून राहतात. शिकारीसाठी घडवलेलं हे हत्यार आपल्याकडे आता शिकार सोडून बाकी सगळी कामं करतं.

तरीही शिकाऱ्यांच्या जमान्यातला एक प्रश्न अजून विचारला जातो : इजेक्टरवाली ठेवायची की साधी? अलीकडे तो जरा जास्तच विचारला गेला, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याने एका परवानाधारकाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवायला मुभा दिली आहे. आधी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेल्या बंदुकांनाही यातून सूट नाही. ज्या घरात आजोबांची एक, चुलत्यांची एक आणि वडिलांची एक अशा तीन एकाच नावावर आल्या होत्या, तिथं एक सोडणं भाग पडलं. मग घरातला कुणीतरी जाणता म्हणतो, ‘ती विलायती ठेवा, तिच्यात इजेक्टर आहे.’ त्याचं म्हणणं ऐकण्याआधी इजेक्टर म्हणजे नेमकं काय आणि तो परभणीच्या रानात कोणत्या कामाचा, हे बघायला हवं.

दोन्ही प्रकारच्या बंदुका बाहेरून सारख्याच दिसतात. दस्त्याच्या मानेवरची कळ अंगठ्याने बाजूला सारली की नळ्या बिजागरीवर पुढे झुकतात आणि मागची दोन तोंडं उघडी पडतात. काडतुसाच्या पितळी बुडाला बाहेर आलेली एक कडा असते. ही कडा नळीच्या तोंडाशी अडकते, म्हणून काडतूस आत घसरत नाही. नळीच्या तोंडाशीच, त्या कडेच्या खाली, एक अर्धचंद्राच्या आकाराचा पोलादी तुकडा बसवलेला असतो. साध्या बंदुकीत हा तुकडा दोन्ही नळ्यांना मिळून एकच असतो आणि त्यालाच एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. नळ्या खाली झुकल्या की बिजागरीजवळचा उंचवटा त्याचा दांडा मागे ढकलतो. त्याबरोबर दोन्ही काडतुसं सेंटिमीटरभर वर उचलली जातात. बार झालेलं असो की नसो, दोन्ही सारखीच. पुढचं काम बोटांचं. रिकामी पुंगळी चिमटीत धरायची, ओढायची आणि खिशात टाकायची.

इजेक्टरच्या बंदुकीत हाच तुकडा मधोमध चिरून दोन स्वतंत्र भाग केलेले असतात, डाव्या नळीचा वेगळा आणि उजव्या नळीचा वेगळा. नळ्यांखाली डावा हात जिथं धरतो ती लाकडी मूठ, म्हणजे फोरएंड, सोडवून उलटी करून बघा. साध्या बंदुकीत तिथं एक खिटी, एखादी स्प्रिंग आणि लाकूड एवढंच दिसतं. इजेक्टरच्या बंदुकीत मात्र शेजारी शेजारी दोन चिमुकली यंत्रं असतात. प्रत्येकाला स्वतःचा हातोडा, स्वतःची पट्टीची किंवा वेटोळ्याची स्प्रिंग आणि हातोडा अडवून धरणारा खटका. चाप ओढला आणि आतला घोडा पडला की त्या पडण्याची खबर एका दांडीमार्फत पुढे फोरएंडपर्यंत पोचते. बंदूक उघडताना नळ्या जवळजवळ पूर्ण झुकल्या की त्या बाजूचा खटका सुटतो, हातोडा एक्स्ट्रॅक्टरच्या पायावर आपटतो आणि कॅरमच्या सोंगटीला स्ट्रायकर बसावा तशी पुंगळी उडून खांद्यावरून मागे चार-सहा फुटांवर पडते. ज्या नळीचा घोडा पडलेला नाही, तिथला खटका सुटत नाही. तिथलं काडतूस साध्या बंदुकीतल्यासारखं नुसतं वर उचललं जातं.

या यंत्राची सगळी करामत नेमकी इथं आहे. पुंगळी फेकायला जोरदार स्प्रिंग पुरली असती. पण कोणतं काडतूस वाजलं आणि कोणतं नाही हे ओळखायचं, वाजलेलं फेकायचं आणि भरलेलं राखायचं, हे काम बोटभर जागेत बसवणं अवघड होतं. शंभरेक छोट्या कामांत हात बसलेल्या कारागिराचा तो कस होता. म्हणूनच जुन्या काळी इजेक्टरची बंदूक तशाच साध्या बंदुकीपेक्षा चांगलीच महाग मिळे, आणि आजही जुनी बंदूक विकणारा हा शब्द आधी उच्चारतो.

या सगळ्याची गरज पडली ती इंग्लंडात. मागून भरायची बंदूक १८३० च्या दशकात पॅरिसच्या लफोशोने रूढ केली. तोवर नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासावे लागत, त्यामुळे पुंगळी काढण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ साली अशी रचना केली, की नळ्या झुकवल्या की आतले घोडे आपोआप चढावेत. आज भारतात दिसणाऱ्या बहुतेक दुनळी याच घाटाच्या आहेत. त्याच्या आदल्या वर्षी, १८७४ मध्ये, जोसेफ नीडहॅमने वाजलेली पुंगळीच तेवढी फेकणाऱ्या इजेक्टरचं पेटंट घेतलं होतं. डीलीने १८८६ मध्ये आपला इजेक्टर आणला आणि त्यानंतर काही वर्षांत लंडनच्या साउथगेटने सुटसुटीत रचना काढली. ती इतकी चालली की पुढच्या असंख्य बंदुकांच्या फोरएंडमध्ये साउथगेटचीच नक्कल सापडते.

तेव्हा श्रीमंत इंग्रजांचा खेळ असा होता : हाकाऱ्यांनी पक्षी उठवायचे, ते थव्याने डोक्यावरून जायचे, आणि रांगेत उभ्या असलेल्या आठ-दहा बंदुकधाऱ्यांनी ते पाडायचे. थवा जाईपर्यंत जेवढे बार होतील तेवढे खरे. प्रत्येकाजवळ बंदुकांची जोडी आणि मागे काडतुसं भरणारा नोकर. अशा ठिकाणी पुंगळी आपोआप उडाली तर प्रत्येक फेरीत एक-दोन सेकंद वाचतात आणि दिवसभरात त्याचे शेकडो पक्षी होतात. आपल्या देशात या खेळाचं टोक भरतपूरच्या पाणथळीत गाठलं गेलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. ती नोंद तिथं दगडावर कोरून ठेवलेली आहे. इजेक्टर ज्या भुकेसाठी जन्मला ती भूक बघायची असेल तर तो दगड वाचावा.

परभणी तेव्हा निझामाच्या राज्यात होती. सहावे निझाम मीर महबूब अली खान, १८६९ ते १९११ या काळातले, वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेले. त्यांच्या पदरी असलेल्या राजा दीनदयाळ यांनी काढलेली शिकारीची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. त्या शिकारीत चालत ती दुनळी रायफल, म्हणजे दुनळीचाच घाट पण नळीच्या आत आटे. तिच्या प्रत्येक काडतुसात मोठं जनावर थांबवणारी एकच जड गोळी असते. हाका देऊन वाघ मचाणाखाली आणायचा आणि एका किंवा दोन बारांत काम संपवायचं. इथं इजेक्टरबद्दल शिकाऱ्यांत दोन पक्ष होते आणि ते अजून मिटलेले नाहीत. एक म्हणतो, जखमी जनावर उलटून आलं तर पुंगळी बोटाने काढत बसायला वेळ कुणाला आहे? दुसरा म्हणतो, बार झाल्यावर जनावराला आवाज कुठून आला ते पटकन उमगत नाही, पण वर इजेक्टरचा धातूचा टणत्कार आणि पुंगळी फांदीवर आपटल्याचा आवाज झाला की त्याला दिशा सापडते.

माझ्या मते दुसऱ्या पक्षाचा मुद्दा जरा ताणलेला आहे. कानठळ्या बसवणाऱ्या बारानंतर एका टणत्काराने फार बिघडेल असं वाटत नाही. पण पहिल्या पक्षाचा मुद्दाही वाटतो तेवढा भक्कम नाही, आणि तो आपल्या शेतकऱ्याच्या कामाचा असल्यामुळे त्याकडे पुढे परत येऊ.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निझामाच्या राजवटीतून मोकळा झाला आणि वाड्यांतल्या बंदुका हळूहळू नव्या कायद्यांखाली आल्या. शस्त्र अधिनियम १९५९ चा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला आणि शिकारीला बंदीची चौकट बसली. आज परभणी जिल्ह्यात हौस म्हणून तितर मारणं हाही गुन्हाच. राहिला तो पिकाचा प्रश्न. तो मात्र खरा आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आल्यापासून पाथरी-मानवतकडे ऊस वाढला आणि उसात रानडुकरांना दिवसभर लपायला बारमाही आसरा मिळाला. रात्री ती भुईमुगात, ज्वारीत, हरभऱ्यात उतरतात. रोही कळपाने येतात आणि खातात त्यापेक्षा जास्त तुडवतात. काळविटांचे कळपही आहेत. पण काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे बंदूक रोखायचा विचारही करू नये.

रानडुक्कर आणि रोही ही २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत गेली. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकार दिलेला वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. बंदुकीचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो, दुसरी वन खात्याकडून. पहिला आहे म्हणून दुसरी गृहीत धरणारे अडचणीत येतात.

शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात एक गंमत आहे. पीक राखायला कायदा आधी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सुचवतो. ठासणीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच वीस इंचांहून आखूड नळी नसलेली, आटे नसलेली दुसरी बंदूक मिळते. ठासणीला पुंगळी नाही, एक्स्ट्रॅक्टर नाही आणि इजेक्टर तर नाहीच. म्हणजे कायद्याच्या नजरेत पीक राखणाऱ्याला भराभर बार काढायची गरजच नाही. पहिला बार मोठ्याने वाजला म्हणजे निम्मं काम झालं. जागलीला बसलेल्यांना हे पाठच असतं. बहुतेक वेळा हवेत वाजलेल्या एका बाराने कळप पांगतो, आणि तासाभराने दुसऱ्या बांधावरून परत येतो.

आता त्या उलटून येणाऱ्या जनावराकडे वळू. परवानगी हातात आहे, रात्र आहे, बॅटरीच्या उजेडात डुक्कर वीस-पंचवीस पावलांवर आहे आणि दोन्ही बार वाया गेलेत किंवा ते नुसतं जखमी झालंय. ते उलटलं तर पाऊण एकराच्या तुकड्यात तुमच्यापर्यंत पोचायला त्याला दोन-तीन सेकंद पुरतात. तेवढ्यात इजेक्टरने पुंगळ्या फेकल्या तरी पट्ट्यातून दोन काडतुसं उपसायची, अंधारात नळीची तोंडं शोधायची, भरायची आणि बंदूक मिटायची. सरावलेला माणूसही इथं हरतो, आणि परभणीच्या शेतकऱ्याला सराव करायला काडतुसं कुठून येणार? परवान्यावर एकावेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, दोन्ही आकडे लिहिलेले असतात. इजेक्टरने वाचवलेले ते एक-दोन सेकंद शेवटी भरतानाच्या चाचपडण्यात जातात. इथं जीव वाचवतो तो पहिला बार नीट टाकायचा धीर, सोबतीला दुसरा माणूस आणि झाड किंवा माळा जवळ असणं.

उलट साध्या बंदुकीचे फायदे याच रानात एकेक करून दिसतात. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत, कपाशीच्या ओळींत, रात्री उडालेली पुंगळी सापडणं म्हणजे नशीब. देशात काही जिल्ह्यांत नवी काडतुसं देताना जुन्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मागतात. जिथं मागत नाहीत तिथंही परवानगीने मारलेल्या जनावराचा पंचनामा होताना किती बार झाले हे दाखवायला त्या हाताशी असलेल्या बऱ्या. एक्स्ट्रॅक्टर पुंगळी बोटांत देतो, बोटांतून ती खिशात जाते.

दुसरी गोष्ट अडकलेल्या पुंगळीची. बार होतो तेव्हा आतल्या दाबाने पुंगळी फुगून नळीच्या घराला घट्ट चिकटते आणि दाब उतरला की थोडी आखडते. घर गुळगुळीत आणि कोरडं असेल तर ती सुखाने निघते. घराला गंजाचे खड्डे पडलेले असतील तर पुंगळी त्या खड्ड्यांत भरते आणि निघायला तयार होत नाही. जुन्या कागदी काडतुसांचं दुखणं आणखी वेगळं. पावसाळ्यात ती दमट होऊन आधीच फुगत. आता प्लास्टिकची आली, दमटपणाचा त्रास गेला, पण जुन्या नळ्यांचे खड्डे तसेच राहिले. अशी घट्ट बसलेली पुंगळी काढताना साधी बंदूक दोन्ही हातांच्या जोराने उघडता येते. नळ्यांचा लांब दांडा तरफेसारखा वापरून एक्स्ट्रॅक्टर तिला हळूहळू रेटतो. इजेक्टरचीही सुरुवात अशाच रेट्याने होते, पण पुढचा हातोड्याचा फटका एका क्षणाचा. तुकड्याची कड झिजलेली किंवा तुकडा सैल असला तर तो फटका पुंगळीच्या कडेवरून घसरतो आणि तुकडा कडेच्या वर जाऊन बसतो. मग नळीच्या पुढच्या तोंडातून गज घालून ठोकण्यावाचून इलाज नाही. हे काम दिवसा, घरी, दुसरी नळी रिकामी आहे याची खात्री करून करायचं असतं. रात्री शेतात ते करू नये.

खड्ड्यांचा विषय निघालाच आहे तर काडतुसाच्या लांबीचंही सांगून टाकतो, कारण इजेक्टर की एक्स्ट्रॅक्टर यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. बारा बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. तो सगळ्या बारा बोअरना जवळजवळ सारखाच. पण काडतूस बसायचं घर जुन्या विलायती बंदुकांत बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं, नव्यांत ७० चं. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. म्हणून न वाजलेलं ७० चं काडतूस ६५ च्या घरात सहज मावतं आणि माणूस फसतो. बार झाला की उघडणाऱ्या तोंडाला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि शंभर वर्षांची नळी तो सोसेलच असं नाही. आपल्याकडची बरीच काडतुसं पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बनतात. तो कारखाना १८६९ पासून आहे आणि त्याची ‘शक्तिमान’ काडतुसं देशभर जातात. डबी घेताना तिच्यावरचा आकडा आणि नळीच्या खालच्या बाजूला ठोकलेला आकडा जुळवून बघावा. नळीवरचा आकडा वाचता येत नसेल तर जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून घर मोजून घ्यावं.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि माझ्या दृष्टीने निकाल इथंच लागतो. इजेक्टरच्या पट्टीच्या स्प्रिंगा तुटतात. हे त्यांचं वैगुण्य नाही, पातळ पोलाद वारंवार वाकलं की कधीतरी तुटणारच. विलायतेत बनवणाऱ्या कंपनीकडे बंदूक पाठवली की नवी स्प्रिंग हाताने घडवून मिळते. खाजगी लोकांसाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंदच आहे, तेव्हा आपल्याकडच्या विलायती दुनळी सगळ्या त्याआधीच्या. त्यांचे सुटे भाग दुकानात लटकलेले नसतात. तुटलेली स्प्रिंग बसवायला मुंबई-पुणे किंवा हैदराबादकडचा जुना कारागीर शोधावा लागतो, आणि बंदूक परवान्यासकट घेऊन तिथं जायचं म्हणजे प्रवासाची कागदपत्रं आली. आपल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातून आलेल्या किंवा मुंगेरच्या कारागिरांनी घडवलेल्या दुनळी बहुतेक साध्याच असतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडत नाही. एक्स्ट्रॅक्टरमध्ये बिघडण्यासारखं असतं तरी काय? एक दांडा, एक तुकडा, फार तर एक खिळा.

आचारसंहितेत ठाण्यात पडलेल्या बंदुकीचा विचार करा. तिला दीड महिना कुणी तेलाचा बोळा लावत नाही. परत आल्यावर साध्या बंदुकीचा एक्स्ट्रॅक्टर काढून, पुसून, तेलाचं बोट लावून बसवायला दहा मिनिटं लागतात. इजेक्टरच्या फोरएंडमध्ये ओल गेली असेल तर ती बाहेरून कळतच नाही. वाळलेलं तेल आणि धूळ मिळून खटका जड होतो आणि एक बाजू फेकते, दुसरी फेकत नाही. शिवाय त्यातल्या काही बंदुका जोडताना हट्ट करतात. हातोडे सुटलेल्या अवस्थेत फोरएंड काढला असेल तर तो परत बसत नाही. हातोडे आधी लाकडाच्या कडेवर दाबून चढवून घ्यावे लागतात. ज्याला हे माहीत नाही तो जोर करतो आणि लाकूड चिरतो. जुन्या दुनळींच्या फोरएंडला बिजागरीजवळ चीर दिसली की अनेकदा त्याचं कारण हेच.

बँकेच्या दारावरच्या रखवालदाराचं काम आणखी निराळं. त्याची बंदूक रोज सकाळी भरली जाते, संध्याकाळी रिकामी होते, आणि वर्षानुवर्षं एकही बार होत नाही. चांगला इजेक्टर न वाजलेलं काडतूस फेकत नाही, पण झिजलेला फेकतो. ज्या दांडीने ‘घोडा पडला’ अशी खबर द्यायची ती झिजली की तिची खबर खोटी होते, आणि भरलेलं काडतूस गिऱ्हाइकांच्या पायाशी फरशीवर घरंगळतं. या कामाला साधी बंदूकच हवी. यात माझ्या मनात जराही दुमत नाही.

एवढं सांगूनही वाड्यात चांगला इजेक्टर असलेली बंदूक असेल आणि तीच मनात भरली असेल, तर निदान तिची परीक्षा नीट घ्या. त्यासाठी बार काढायची गरज नाही. दोन डमी काडतुसं लागतात, ज्यांच्या बुडाला टोपीऐवजी स्प्रिंग किंवा रबर असतं. रिकाम्या बंदुकीचा चाप नुसता ओढू नये, घोड्याच्या टोकाला इजा होते. दोन्ही डमी घालून दोन्ही चाप ओढा आणि बंदूक बेताच्या वेगाने उघडा. दोन्ही पुंगळ्या एकाच वेळी, एकाच उंचीने उडाल्या पाहिजेत आणि जमिनीवर जवळजवळ पडल्या पाहिजेत. एक आधी आणि एक नंतर उडाली तर एका बाजूची स्प्रिंग थकली आहे किंवा खटका झिजला आहे. मग उजवा चाप एकटा ओढा. उजवी उडाली पाहिजे आणि डावी जागच्या जागी वर आली पाहिजे. तसंच डाव्याचं. शेवटी एकही चाप न ओढता बंदूक उघडा. या वेळी काहीही उडता कामा नये. जे उडेल ते उद्या भरलेलं काडतूस असेल. उघडताना आणि मिटताना लागणारा जोरही बघा. इजेक्टरच्या स्प्रिंगा मिटताना चढतात, म्हणून मिटायला थोडा जास्त जोर लागणं साहजिक आहे. पण नळ्या मिटताना कचकच झाली तर आत काहीतरी घासतंय.

साध्या बंदुकीचीही एक परीक्षा आहे. एक्स्ट्रॅक्टरचा तुकडा बोटाने हलवून बघा. तो नळीच्या तोंडाशी सपाट बसला पाहिजे, डगडगता कामा नये, आणि उचलला की काडतुसाच्या कडेला चांगली पकड असली पाहिजे. तुकडा तोंडापेक्षा किंचितही वर राहिला तर बंदूक मिटत नाही, खाली गेला तर कड सुटते. बंदूक उभी धरून नळ्यांत उजेड बघा. घराच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले तर इजेक्टर असो की नसो, किंमत पाडून मागा.

तीनातली एक सोडायची वेळ आलेल्या घराला मी हे सांगेन : विलायती नाव, नक्षी आणि इजेक्टर यांच्या मोहात पडण्याआधी नळ्यांची घरं बघा, मग लाकूड, मग बंदूक किती घट्ट मिटते ते. हे तीनही चांगलं असून इजेक्टर परीक्षेला उतरला तर ती बंदूक खुशाल ठेवा, ती जपून वापरण्यासारखी वस्तू आहे. काही कारागीर इजेक्टरचे हातोडे काढून बंदूक साधी करून देतात. मूळ भाग पुडीत बांधून परवान्याच्या फायलीत ठेवायचे, म्हणजे पुढच्या पिढीला हवं तर ते परत बसवता येतात. आणि शेतावर जागलीला न्यायची असेल तर साधी दुनळी निवडा. तिला रात्री एकच काम असतं, एक बार मोठ्याने वाजवायचं. उरलेलं दुसऱ्या नळीतलं काडतूस सकाळी बोटांनी काढून पट्ट्यात परत जातं.